‘लाइन’ : एका परशब्दाचा अर्थविस्तार आणि त्याच्या मराठी पर्यायांची चिकित्सा

१

एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा तो आपले सगळे अर्थ बरोबर नेत नाही. काही मागे राहतात, काही वाटेत बदलतात आणि काही नव्या घरी नव्याने जन्मतात. अर्थविचाराच्या अभ्यासकांस हा सिद्धान्त अपरिचित नाही. तथापि मराठीतील कोशरचना आणि परिभाषेची घडण ह्या दोन्ही क्षेत्रांत त्याचा परिणाम व्हावा तितका झालेला दिसत नाही. परशब्दापुढे मूळ भाषेचा निर्देश करावा, त्याच्या अर्थांना अनुक्रमांक द्यावेत आणि जमल्यास एखादा शुद्ध प्रतिशब्द सुचवावा, अशी एक रीत पडून गेली आहे. ‘तिकीट’ किंवा ‘बटण’ ह्यांसारख्या, वस्तूशी घट्ट बांधलेल्या शब्दांपुरती ही रीत निभावते. परंतु जो शब्द वस्तूचे नाव नसून एका आकृतीचे किंवा संबंधाचे नाव आहे, त्याच्या बाबतीत ती उघडउघड अपुरी पडते.

‘लाइन’ हा अशा शब्दांतील एक प्रमुख शब्द होय. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, तो मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी दिवसातून अनेकदा येतो. रेशनच्या दुकानापुढे ‘लाइन’ असते, नळाची ‘लाइन’ फुटते, फोनची ‘लाइन’ लागत नाही, मुलगा बापाच्या ‘लाइनी’त जातो किंवा भलत्याच ‘लाइनी’ला लागतो, कोणी कोणाला ‘लाइन’ मारतो, आणि दोन अनोळखी माणसांची ओळख होताच एक दुसऱ्यास विचारतो, “तुम्ही कुठल्या लाइनला?” हे सर्व अर्थ एकाच शब्दाचे आहेत काय? असल्यास त्यांना जोडणारे सूत्र कोणते? आणि नसल्यास एका प्रतिशब्दाने त्या सर्वांची वासलात लावण्याचा प्रयत्न कितपत शास्त्रीय ठरेल? हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. नगरपालिकेची सूचना, रेल्वेची घोषणा, शाळेचे पाठ्यपुस्तक आणि न्यायालयाचा आदेश ह्यांची मराठी सामान्य नागरिकास कळते की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

२

प्रथम शब्दाच्या कुळाचा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीतील ‘लाइन’ हा वस्तुतः दोन प्रवाहांच्या संगमातून सिद्ध झालेला शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत ‘दोर’ व ‘ओळ’ ह्या अर्थांचा ‘लीने’ असा शब्द होता. तो लॅटिनमधून फार पूर्वी जर्मॅनिक भाषांत आलेला. पुढे नॉर्मनांच्या राजवटीनंतर प्राचीन फ्रेंचमधील ‘लिन्य’ हा शब्द इंग्रजीत आला व पहिल्यात मिसळून गेला. दोहोंचे मूळ लॅटिन ‘लीनेआ’ हेच. ‘लीनेआ’ म्हणजे तागी धाग्याची दोरी. आणि तो शब्द ‘लीनुम्’ म्हणजे जवस किंवा अळशी ह्या वनस्पतीच्या नावावरून साधलेला आहे. जवसाच्या धाग्याचे कापड ते ‘लिनन’. संस्कृतात त्यालाच ‘क्षौम’ म्हणत. कपड्याला आतून लिननचे अस्तर लावीत, म्हणून ते ‘लायनिंग’. एकोणिसाव्या शतकात जवसाच्या तेलापासून जमिनीवर घालण्याचे आच्छादन तयार झाले, त्याचे नाव ‘लिनोलियम’ ठेवले गेले, तेही ह्याच कुळातले. विदर्भातील शेतकरी जवस पिकवितो तो तेलासाठी. त्याच्या धाग्याशी त्याचा संबंध येत नाही. तथापि त्याच्या घरात वीज गेली असता तो ‘लाइन गेली’ असे म्हणतो, तेव्हा नकळत त्याच पिकाचे नाव घेत असतो.

जवसापासून धागा, धाग्यापासून ताणलेली दोरी, ताणलेल्या दोरीने आखलेली सरळ खूण, त्या खुणेवर मांडलेल्या वस्तूंची ओळ, कागदावरील अक्षरांची ओळ, पिढ्यांची ओळ म्हणजे वंश, जाण्याचा ठरलेला मार्ग, त्या मार्गावरील जहाजांची वा गाड्यांची सेवा, उपजीविकेचा मार्ग म्हणजे धंदा, आणि शेवटी तार व नळ, असा हा इंग्रजीतील अर्थप्रवास होय. आर्सेन दार्मेस्तेतेर ह्या फ्रेंच पंडिताने १८८७ साली अर्थविस्ताराचे दोन प्रकार सांगितले. एकात मूळ अर्थाच्या केंद्रापासून किरणांप्रमाणे अनेक अर्थ निघतात. दुसऱ्यात एका अर्थातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी बनते आणि शेवटच्या कडीस पहिल्या कडीची आठवण राहत नाही. ‘लाइन’ मध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. दोरी, खूण व ओळ ही साखळी. आणि खुणेच्या कल्पनेतून निघालेले सीमा, मार्ग, वंश हे किरण. मिशेल ब्रेआलने १८९७ साली ज्या घटनेस बह्वर्थतेचे नाव दिले, तिचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

परंतु येथेच एक भ्रम टाळणे आवश्यक आहे. ही साखळी इंग्रजीची आहे, मराठीची नव्हे. मराठीने साखळी घेतली नाही. तिच्या सुट्या कड्या निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या हातांतून घेतल्या.

३

‘लाइन’ मराठीत किमान चार द्वारांनी आली, असे दिसते.

पहिले द्वार छावणीचे. कंपनी सरकारच्या लष्करात शिपायांच्या राहुट्या वा झोपड्या ओळीने मांडलेल्या असत. त्या वस्तीस इंग्रजीत अनेकवचनी ‘लाइन्स’ म्हणत. मुंबईतील ‘मरीन लाइन्स’ हे नाव अशाच एका पलटणीच्या वस्तीवरून पडले. नागपूरच्या ‘सिव्हिल लाइन्स’ मध्ये तीच कल्पना मुलकी अधिकाऱ्यांच्या वसाहतीस लागू झाली. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विशेषनाम म्हणून गोठलेल्या शब्दात इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्यय टिकून राहिला. परंतु ‘पोलीस लाइन’ ह्या सामान्यनामात तो गळून पडला. विशेषनाम उसने राहिले, सामान्यनाम मात्र घरचे झाले.

दुसरे द्वार रेल्वेचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. तेव्हा रेल्वेने आणलेल्या शब्दांचा संसार त्या कोशात शोधण्यात अर्थ नाही. रेल्वेने ‘लाइन’ ह्या शब्दास रूळ, मार्ग आणि सेवा हे तीन अर्थ एकदमच जोडून दिले. शिवाय तिच्या कामकाजातील एक संज्ञा लोकभाषेत उतरली. पुढील स्थानकाने मार्ग मोकळा असल्याचे कळविल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, ह्या पद्धतीत त्या अनुज्ञेस ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. आज एखाद्याच्या लग्नास वडिलांची संमती मिळाली किंवा एखाद्या कामातील अडथळा दूर झाला, म्हणजेही ‘लाइन क्लिअर मिळाली’ असेच म्हटले जाते.

तिसरे द्वार तारांचे व नळांचे. तारायंत्र आले तेव्हा मराठीत ‘तार’ हा शब्द सिद्धच होता आणि त्याने वस्तू, यंत्रणा व संदेश हे तिन्ही अर्थ सहज पेलले. २०१३ साली तारसेवा बंद झाली, तरी शब्दाची ती शक्ती कमी ठरत नाही. म्हणजेच जेथे समर्थ देशी शब्द आधी उभा होता तेथे ‘लाइन’ला शिरकाव मिळाला नाही. टेलिफोन, वीज, नळ व पुढे गॅस ह्यांच्याबरोबर मात्र ती आली. येथेही प्रादेशिक भेद आहे. विदर्भात वीज गेली म्हणजे ‘लाइन गेली’; मुंबईत मात्र ‘लाइट गेली’. एकाच घटनेकडे एक बोली तारेच्या बाजूने पाहते, दुसरी दिव्याच्या.

चौथे द्वार बाजाराचे व हिंदीचे. ‘ह्या लाइनमध्ये वीस वर्षे काढली’, ‘फिल्म लाइन’, ‘हिऱ्याची लाइन’ ह्यांतील धंदा हा अर्थ इंग्रजीत जुनाच आहे. परंतु उपनगरांतील मराठी माणसाच्या कानी तो पुस्तकातून आला नाही. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या आणि सर्वत्र पसरलेल्या मुंबई हिंदीच्या संगतीने तो आला. ‘लाइन मारणे’ आणि ‘लाइन देणे’ हे प्रयोगही ह्याच वाटेचे. त्यांतील अर्थ इंग्रजी शब्दात नाही; तो ‘मारणे’ व ‘देणे’ ह्या सहायक क्रियापदांनी घडविला आहे. ‘डोळा मारणे’, ‘फेरी मारणे’, ‘चक्कर मारणे’ ह्यांच्या साच्यात ‘लाइन’ बसली आणि ‘दाद देणे’ ह्या साच्यात तिचे उत्तर बसले.

ह्या चार द्वारांचा विचार न करता सर्व अर्थ एका नोंदीखाली एक, दोन, तीन असे मांडले, तर जणू मराठी माणसानेच एका अर्थावरून दुसरा कल्पिला असा आभास निर्माण होतो. तो ऐतिहासिक सत्याशी विसंगत आहे.

४

आतापर्यंतचे अर्थ बाहेरून आलेले. परंतु उपनगरांनी ह्या शब्दास स्वतःचा असा एक अर्थ दिला आहे, आणि तो विशेष अभ्यसनीय आहे. येथे ‘लाइन’ म्हणजे प्रदेश.

“तुम्ही कुठल्या लाइनला?” ह्या प्रश्नाचे उत्तर ‘सेंट्रलला’, ‘वेस्टर्नला’ किंवा ‘हार्बरला’ असे मिळते. उत्तरात ‘लाइन’ हा शब्दही उरत नाही. विशेषणच नाम बनते आणि त्यास ‘ला’ प्रत्यय लागतो, जसा ‘पुण्याला’, ‘गावाला’ ह्यांत लागतो. प्रत्ययाची ही निवड निर्णायक आहे. मार्ग असता तर ‘वर’ हे अव्यय पुरेसे होते, आणि गाडीबद्दल बोलताना ते येतेही. राहण्याबद्दल बोलताना मात्र स्थलवाचक ‘ला’च येतो.

हा अर्थ केव्हाचा, ह्याचा एक निश्चित पुरावा नावांतच आहे. मध्य व पश्चिम रेल्वे ही प्रशासकीय नावे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली, त्यापूर्वी ‘जी. आय. पी.’ आणि ‘बी. बी. सी. आय.’ ही कंपन्यांची नावे चालत. तेव्हा ‘सेंट्रल लाइन’ हा समास १९५१ च्या मागे नेता येत नाही. अंधेरी व घाटकोपर बृहन्मुंबईत आली १९५० साली, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली. म्हणजे उपनगरांच्या नागरीकरणाचा आणि ह्या अर्थाच्या रूढीचा काळ एकच ठरतो.

परंतु प्रशासनाने नावे दिली असली तरी अर्थ प्रशासनाचा नव्हे. हार्बर मार्ग प्रशासनदृष्ट्या मध्य रेल्वेचा भाग. तरीही लोकांच्या भूगोलात ‘हार्बरला राहणारा’ हा ‘सेंट्रलला राहणाऱ्या’हून वेगळा. लोकांनी ‘लाइन’ची व्याख्या मालकीवरून केली नाही, दैनंदिन येण्याजाण्याच्या सवयीवरून केली.

ह्या अर्थाचे कारण भूगोलात आहे. साष्टी बेटावरील वस्ती रुळांच्या कडेने उत्तर-दक्षिण अशी माळेसारखी ओवली गेली. पूर्व-पश्चिम संबंध क्षीण राहिला. बोरिवली व मुलुंड ही दोन उपनगरे नकाशावर समोरासमोर दिसतात. परंतु त्यांच्यामध्ये शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. घाटकोपरहून अंधेरीस रेल्वेने जावयाचे तर दादरला किंवा वडाळ्याला गाडी बदलावी लागे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा ह्या दोन माळा उपनगरांच्या मध्यावर रुळांनी जोडल्या गेल्या. तोवर दुसरी ‘लाइन’ म्हणजे जवळजवळ दुसरे गावच होते. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘आपल्याच लाइनवरचे’ असण्यास महत्त्व येई ते ह्यामुळे. ‘लाइन बदलणे’ ह्या प्रयोगास घर बदलणे, गाडी बदलणे व धंदा बदलणे असे तीन अर्थ प्राप्त झाले, ते ह्याच परिस्थितीतून.

मार्गाचे नाव प्रदेशास मिळणे ही घटना इतरत्र अज्ञात नाही. परंतु मराठीत हा अर्थ इंग्रजीकडून उसना आणलेला नसून येथल्या भूमीने निर्माण केलेला आहे. परशब्दाने येथे जन्म दिलेल्या अपत्यास परकीय म्हणता येईल काय, हा प्रश्न शुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी विचारात घ्यावयास हवा.

५

शब्द भाषेत कितपत मुरला, हे त्याच्या अर्थावरून कळत नाही तितके त्याच्या विकारांवरून कळते. आयनार हॉगेनने १९५० साली उसनवारीची चिकित्सा करताना आयात आणि देशी घटकांची पर्यायी योजना ह्या दोन प्रक्रिया वेगळ्या केल्या. शब्दाचे शरीर आयात होते. त्यावरील संस्कार देशी घटकांनी होतो.

‘लाइन’ मराठीत स्त्रीलिंगी आहे. लॅटिन ‘लीनेआ’ आणि फ्रेंच शब्द हेही स्त्रीलिंगीच. परंतु मध्यस्थ इंग्रजीस व्याकरणिक लिंग नसल्याने हे साम्य योगायोगाचे समजावे. मराठीत हे लिंग आले ते ‘ओळ’, ‘रांग’ व ‘रेघ’ ह्या शब्दांच्या संगतीने. त्यातही कोणाची संगत अधिक जवळची, हे अनेकवचनावरून ठरते. ‘रांग’चे ‘रांगा’ होते, ‘रेघ’चे ‘रेघा’, ‘ओळ’चे मात्र ‘ओळी’. ‘लाइन’चे अनेकवचन ‘लाइनी’ असे होते; ‘लाइना’ होत नाही. सामान्यरूपातही ‘ओळीत’ तसे ‘लाइनीत’; ‘रांगेत’ प्रमाणे ‘लाइनेत’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे रांगेच्या अर्थाने वापरतानासुद्धा मराठी माणसाने ‘लाइन’ला ‘ओळी’चे रूप दिले.

‘लाइनीत उभा राहा’ आणि ‘लाइनमध्ये उभा राहा’ हे दोन्ही प्रयोग उपनगरांत ऐकू येतात. पहिल्यात शब्द विकार पावतो, दुसऱ्यात तो अविकारी राहून शब्दयोगी अव्यय घेतो. पहिला वडीलधाऱ्यांच्या व कष्टकऱ्यांच्या बोलण्यात अधिक, दुसरा इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या बोलण्यात. सामान्य समज असा की शिक्षणाबरोबर परशब्द अधिक पचतात. येथे उलट घडले आहे. अशिक्षिताने जो शब्द मराठी करून टाकला होता, तो सुशिक्षिताने पुन्हा इंग्रजी केला. भाषेच्या दृष्टीने चिंतेची गोष्ट कोणती असेल तर ती परशब्दांचा प्रवेश ही नसून विकारक्षमतेचा हा ऱ्हास होय.

ह्याच संदर्भात ‘लायनिंग’ हा शब्द पाहण्याजोगा आहे. इंग्रजीत तो आतल्या अस्तराचा वाचक. मराठीत अस्तरास ‘अस्तर’ हा शब्द पूर्वीपासून होता. म्हणून ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे रेघारेघांचा शर्ट असा अर्थ पुढे आला. बोलणाऱ्याने ‘लायनिंग’ची व्युत्पत्ती स्वतःच लावली. शास्त्रदृष्ट्या ती चुकीची; परंतु ‘लाइन’ हा घटक त्याच्या मनात स्वतंत्रपणे जिवंत आहे, ह्याचा तो निर्विवाद पुरावा आहे. उलट ‘ऑनलाइन’ ह्या शब्दात तो घटक मृत झाला आहे. २०२० साली शाळा ‘ऑनलाइन’ झाल्या तेव्हा त्या शब्दात कोणास ओळ वा दोरी दिसली नाही.

६

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. निरनिराळ्या द्वारांनी आलेले हे अर्थ मराठी माणसाच्या मनात एकत्र नांदतात कसे? त्याचे उत्तर ‘सूत’ ह्या शब्दात सापडते.

‘सूत’ म्हणजे धागा. गवंडी व सुतार ताणलेल्या सुताने सरळपणा पाहतात, म्हणून ‘सुतात असणे’ म्हणजे सरळ रेषेत असणे. सुताराच्या मापात ‘सूत’ हे इंचाच्या आठव्या भागाचे नाव. आणि ‘सुतार’ हा शब्दच मुळी ‘सूत्रधार’पासून आलेला. वाट चुकलेला माणूस वठणीवर आला म्हणजे ‘सुतासारखा सरळ’ झाला. दोघांचे मन जुळले म्हणजे त्यांचे ‘सूत जमले’. संस्कृत ‘सूत्र’ घेतले तर नियम, सारांश, राज्यकारभाराची सूत्रे आणि परंपरेचे सूत्र हे आणखी अर्थ मिळतात.

ह्या मालिकेशेजारी ‘लाइन’ची मालिका ठेवून पाहावी. ‘लाइनीत असणे’, ‘लाइनीवर आणणे’, ‘लाइन मारणे’, ‘बापाची लाइन चालविणे’. लॅटिनमधील जवसाचा धागा आणि मराठीतील कापसाचा धागा ह्यांनी परस्परांस न ओळखता जवळजवळ एकच वाट चालली. सरळपणा, शिस्त, परंपरा व प्रीतिसंबंध ह्या कल्पनांना धाग्याचे रूपक देण्याची प्रवृत्ती मराठीत आधीच होती. ‘लाइन’ आली तेव्हा तिच्यासाठी जागा तयार होती. अन्य परशब्द वस्तूबरोबर आले व वस्तूबरोबर राहिले. ‘लाइन’ वस्तू सोडून वाक्प्रचारात शिरली, ह्याचे कारण हे आहे.

गवंड्याच्या परिभाषेतील ‘लाइनदोरी’ हा शब्द ह्या दृष्टीने फार बोलका आहे. ‘बाजारहाट’, ‘कागदपत्र’ ह्यांप्रमाणे एक परशब्द व एक देशी शब्द समानार्थाने जोडून तो बनला आहे. उपनगरांतील प्रत्येक इमारतीच्या पायाशी ही दोरी ताणली गेली. जवसाच्या दोरीपासून निघालेला शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा दोरीशी जोडला गेला, आणि जोडणाऱ्यास लॅटिन तर नाहीच, इंग्रजीही येत नव्हते.

७

ह्या पार्श्वभूमीवर पर्यायी शब्दांची परीक्षा करता येईल. भाषाशुद्धीचा आग्रह मराठीत नवा नाही. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. परशब्दांचे सखोल ज्ञान आणि त्यांच्याविषयीचा विरोध ही दोन्ही एकाच विद्वानात नांदत होती. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर ह्या कार्यास शासकीय अधिष्ठान मिळाले. तेव्हापासून ‘लाइन’साठी मुख्यतः पाच शब्द योजण्यात आले : रांग, रेषा, वाहिनी, मार्ग व मार्गिका.

ह्यांपैकी ‘रेषा’ यशस्वी ठरली ती अमूर्त सीमेच्या अर्थी. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द रेशनपत्रिकेच्या निमित्ताने अक्षरशत्रूच्याही तोंडी बसला. ‘नियंत्रणरेषा’, ‘भरतीरेषा’ हेही चालले. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ‘भरतीरेषा’ कोठून धरावयाची हा घराच्या भवितव्याचा प्रश्न असतो व तो शब्द तेथे नेमकेपणाने वापरला जातो. क्रिकेटच्या समालोचनातील ‘दिशा आणि टप्पा’ ही जोडीही अशीच सुखाने रुळली. ‘वाहिनी’ लेखनात रुळली, बोलण्यात नाही. तरीही तिच्यामागील कल्पना स्वतंत्र व सुंदर आहे. ‘लाइन’ नळास धागा म्हणून पाहते, ‘वाहिनी’ वाहून नेणारी म्हणून. शिवाय तिने एक संदिग्धताही दूर केली. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत ‘पाण्याची लाइन’ म्हणजे नळही असू शकतो आणि नळापुढील हंड्यांची रांगही. पहिली हवी असते, दुसरी टाळावयाची असते. ‘जलवाहिनी’ म्हटले की हा घोटाळा मिटतो.

‘मार्गिके’ची कथा मात्र वेगळी आहे. रेल्वेच्या वृत्तांत ‘पाचवी व सहावी मार्गिका’ म्हणजे रुळांची एकेक जोडी. ठाणे-दिवा दरम्यानच्या अशा मार्गिका २०२२ साली खुल्या झाल्या. मेट्रोच्या बाबतीत ‘मार्गिका १’ म्हणजे वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंतची संपूर्ण सेवा. आणि महामार्गावर ‘मार्गिका’ म्हणजे वाहनांसाठी आखलेला पट्टा, जो इंग्रजीतील ‘लेन’चा प्रतिशब्द आहे. ‘लेन’ व ‘लाइन’ ह्यांचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. ‘लेन’ म्हणजे मुळात कुंपणांमधील अरुंद वाट. इंग्रजीत जे दोन शब्द निरनिराळे होते ते मराठीने एकत्र केले, आणि इंग्रजीत ज्या एका शब्दाचे अर्थ संदर्भाने स्पष्ट होत ते येथे अस्पष्ट झाले. परशब्द हटविण्यासाठी घडविलेला शब्द परशब्दाहून अधिक संदिग्ध असेल, तर त्या शुद्धीचे प्रयोजन उरत नाही. रेल्वेच्या घोषणांत सेवेसाठी ‘मार्ग’ हा शब्द स्थिर झालेला आहे. मेट्रोसही तोच चालला असता आणि ‘मार्गिका’ पट्ट्यासाठी व रुळांच्या जोडीसाठी मोकळी राहिली असती.

कायद्याच्या मराठीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे मूळच्या १८८८ च्या कायद्यात, रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरविण्याची तरतूद आहे. त्या रेषेच्या आत येणारा बांधकामाचा भाग रस्त्यासाठी घेतला जाऊ शकतो. ‘घर लाइनीत जाते’ असे रहिवासी म्हणतो, ते ह्याबद्दल. ‘नियमित’ ह्या शब्दाने त्यास ‘नेहमीची’ असा बोध होतो, ‘कायद्याने निश्चित केलेली’ असा होत नाही. ‘रस्त्याची निश्चित हद्दरेषा’ असे म्हटले असते तर अर्थ पोचला असता. येथे दोष परशब्दाचा नाही आणि देशी शब्दाचाही नाही. अर्थ न पाहता शब्दास शब्द ठेवण्याच्या सवयीचा आहे.

ह्या यशापयशांतून एक सामान्य अनुमान काढता येते. पर्यायी शब्द जेव्हा वस्तूच्या किंवा कल्पनेच्या आधी वा तिच्याबरोबर लोकांपर्यंत पोचतो, तेव्हा तो टिकतो. ‘दारिद्र्यरेषा’ अशी पोचली. परशब्दास विकार, वाक्प्रचार आणि स्थानिक अर्थ प्राप्त झाल्यानंतर आलेला पर्याय केवळ लेखनात राहतो.

८

ह्याचा अर्थ सर्व परशब्दांस मुक्तद्वार असावे असा मात्र नव्हे. ‘लाइन’मुळे मराठी समृद्ध झाली असे सरसकट म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मराठीने एकाच आकृतीचे अनेक सूक्ष्म भेद केले होते. अक्षरांची ती ओळ. उभ्या माणसांची व डोंगरांची ती रांग. जेवणाऱ्यांची ती पंगत. हाताने ओढलेली ती रेघ. भूमितीतील ती रेषा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या उपनगरी मुलांच्या मराठीत ह्या साऱ्यांवर ‘लाइन’चा बोळा फिरू लागला आहे. कवितेचीही ‘लाइन’, मुंग्यांचीही ‘लाइन’ आणि वहीवर ओढलेलीही ‘लाइन’. येथे एकही नवा अर्थ मिळाला नाही. पाच जुने भेद मात्र गेले. प्रदेशवाचक ‘लाइन’ ही भर आहे. ‘ओळी’च्या जागी आलेली ‘लाइन’ ही हानी आहे. शब्द एकच असला तरी निर्णय दोन्ही ठिकाणी वेगळा द्यावा लागतो.

म्हणून पुढील कोशकाराने ‘लाइन’ची नोंद करताना चार गोष्टी पाळणे उचित होईल. छावणी, रेल्वे, तार-नळ आणि बाजार ह्या द्वारांनुसार अर्थांचे गट वेगळे दाखवावेत. ‘लाइनी’, ‘लाइनीत’ ही विकारी रूपे आणि अविकारी प्रयोग ही दोन्ही नोंदवावीत व त्यांचा सामाजिक भेद सांगावा. ‘लाइनदोरी’सारखे जोडशब्द आणि ‘सेंट्रलला’सारखे संक्षेप स्वतंत्रपणे द्यावेत. आणि पर्याय सुचवावयाचा तर तो शब्दास न सुचविता एकेका अर्थास सुचवावा. परिभाषा घडविणाऱ्यांनीही हाच निकष स्वीकारल्यास ‘मार्गिके’सारखे प्रसंग टळतील.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ह्या चार ठिकाणी, वय, शिक्षण व व्यवसाय ह्यांच्या भेदाने विकारी व अविकारी रूपांची गणना करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका वर्षात पार पाडता येण्याजोगे काम आहे. मेट्रोचे जाळे पसरत आहे. पश्चिमेकडील नव्या मार्गांनी २०२२-२३ मध्ये बोरिवली व अंधेरी ह्यांना आणखी एका सेवेने जोडले, आणि पूर्व-पश्चिम संबंध वाढतील तसतसा ‘लाइन’चा प्रदेशवाचक अर्थ सैल होत जाणे संभवते. तो अर्थ ज्यांच्या तोंडी पूर्णपणे जिवंत आहे अशी पिढी आज बोलते आहे, तोवरच ही नोंद करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.